नारिंगी पेटुनियाने विचारलेला प्रश्न

२०१५ सालची गोष्ट. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ टीमू टेरी शहराच्या रेल्वे स्थानकाजवळून चालले होते. तिथल्या कुंड्यांमध्ये पेटुनियाची भडक नारिंगी फुले डवरलेली होती. शेकडो लोक रोज त्या कुंड्यांवरून जात होते, पण थबकले ते टेरीच. पेटुनियाचे फूल जांभळे, गुलाबी, तांबडे, पांढरे, अगदी पिवळसरही असते. नारिंगी मात्र नसते. नसते म्हणजे कोणी अजून तयार केलेले नाही असे नव्हे, तर त्या झाडाच्या रसायनशास्त्रात तो रंग बसतच नाही. टेरींनी एक फांदी खुडून प्रयोगशाळेत नेली. तपासणीत झाडाच्या पेशींत परके जनुक सापडले, आणि ते होते मक्याचे!

टेरींनी ही बाब फिनलंडच्या नियामक यंत्रणेपर्यंत पोहोचवली. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने नारिंगी पेटुनियाची वाणे बाजारातून काढून घ्यायला सांगितली. मग जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन इथेही तपासण्या झाल्या आणि तिथेही तीच रोपे निघाली. मे महिन्यात अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासणी केली तेव्हा ‘आफ्रिकन सनसेट’ नावाचे वाणही त्यात सापडले. याच वाणाला २०१४ साली अमेरिकेतल्या नामांकित बियाणे-स्पर्धेत पुरस्कार मिळाला होता. ज्या फुलाला परीक्षकांनी रंगासाठी डोक्यावर घेतले, तो रंग परवानगीविना बाजारात आलेल्या जनुकाचा होता, आणि हे विकणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. लाखमोलाची रोपे जाळली गेली, खोल पुरली गेली, कचरा डेपोत गेली.

या घटनेला आता बरीच वर्षे झाली. तरी आज ती आठवायचे कारण आहे. जनुक-संपादनाचे नियम आपल्याकडे २०२२ मध्ये सैल झाले, आणि मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताची दोन वाणे केंद्र सरकारने जाहीर केली. भातानंतर इतर पिकांचीही पाळी येणार आणि त्यात फुले मागे राहणार नाहीत. कारण फुलांच्या बाजारात नवा रंग म्हणजे नवा पैसा. तेव्हा फुलाचा रंग ठरतो कसा, तो बदलता येतो कसा, आणि बदलला तर कोणी काय तपासायचे, हे समजून घेतलेले बरे.

रंगाच्या पाटाला तीन दारे

फुलांचे बहुतेक रंग तीन घराण्यांतल्या रंगद्रव्यांचे असतात. पहिले घराणे कॅरोटिनॉइडचे. झेंडूचा पिवळा आणि केशरी रंग याच घराण्यातला. गाजराचा रंगही त्यातलाच. दुसरे बीटालेनचे. बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा आणि बीट यांचे रंग त्यातून येतात. तिसरे आणि सर्वांत पसरलेले घराणे अँथोसायनिनचे. गुलाब, जास्वंद, गोकर्ण, पेटुनिया, जांभूळ, वांग्याची साल, सगळी याच घरची. निसर्गाची एक गंमत अशी की, बीटालेन आणि अँथोसायनिन एकाच झाडात एकत्र आढळलेली नाहीत. बोगनवेलीचा गुलाबी आणि गुलाबाचा गुलाबी डोळ्यांना सारखे दिसले तरी रसायन म्हणून त्यांचे नाते नाही.

अँथोसायनिन पेशीत एकदम तयार होत नाही. साध्या कच्च्या मालापासून टप्प्याटप्प्याने तयार होते आणि प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम काम करते. प्रत्येक एन्झाइमची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. ही साखळी रानातल्या पाटासारखी आहे. मुख्य पाट एक, पण पुढे त्याला तीन वाफ्यांकडे जाणारी तीन दारे. एका वाफ्यात पेलार्गोनिडिन तयार होते, त्याचा रंग नारिंगी ते शेंदरी. दुसऱ्यात सायनिडिन, ते गुलाबी ते तांबडे. तिसऱ्यात डेल्फिनिडिन, ते जांभळे ते निळे. या तीन रेणूंमधला फरक फार थोडा आहे. रेणूच्या एका कड्यावर हायड्रॉक्सिल नावाचा छोटा गट एक आहे, दोन आहेत की तीन आहेत, एवढाच. एकाचा नारिंगी, दोनांचा तांबडा, तिनांचा निळसर. पाण्याला दारे धरणारा माणूस जसे एक दार मोडतो आणि दुसरे बांधतो, तसे एन्झाइम हे गट जोडतात किंवा जोडत नाहीत.

आता पेटुनियाला नारिंगी का जमत नाही ते कळेल. तिन्ही वाफ्यांच्या वाटेवर एक समान एन्झाइम असते. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवून शास्त्रज्ञांच्या संक्षेपाप्रमाणे त्याला डीएफआर म्हणू. हे एन्झाइम समोर आलेल्या रेणूवर प्रक्रिया करून त्याला रंगाच्या दिशेने ढकलते. पेटुनियाचे डीएफआर मोठे चोखंदळ आहे. तीन गटांच्या रेणूवर ते खूश असते, दोनांचा कसाबसा चालवून घेते, पण एकाच गटाच्या रेणूला हातच लावत नाही. परिणामी नारिंगी वाफ्याचे दार पेटुनियात कायमचे बंद. माळ्याने कितीही पिढ्या संकर केले तरी ते उघडणार नाही, कारण उघडणारा हातच त्या कुळात नाही.

मक्याचे डीएफआर मात्र असे नखरे करत नाही. मक्याच्या दाण्याला लाल-जांभळा रंग देणाऱ्या जनुकांमध्ये ते आहे. जर्मनीत कोलोन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या पीटर मायर, हाइन्झ झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याचे हे जनुक पेटुनियाच्या एका फिकट वाणात बसवले. फुले विटकरी-नारिंगी आली. १९८७ साली ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. नवा रंग देण्यासाठी एका वनस्पतीचे जनुक दुसरीत घालण्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. पुढे एका डच बियाणे कंपनीने या झाडांशी संकर करून अधिक झळाळत्या नारिंगी रंगाची रोपे तयार केली. युरोपात तेव्हा जनुकबदल म्हटले की लोक बिथरत होते, त्यामुळे ही रोपे त्या नावाने बाजारात आली नाहीत. तो रंग मग केव्हातरी, कोणत्या तरी वाटेने, नेहमीच्या संकराच्या साखळीत शिरला आणि तीस वर्षांनी रेल्वे स्थानकाच्या कुंडीत उगवला.

निळ्याचा ध्यास

पेटुनियाला नारिंगी नाही, तर गुलाबाला निळा नाही. गुलाबाच्या कुळात तिसरा हायड्रॉक्सिल गट जोडणारे एन्झाइमच नाही, म्हणून डेल्फिनिडिन नाही. कार्नेशनचे आणि शेवंतीचेही तेच. म्हणजे फुलबाजारातल्या मातब्बर फुलांमध्ये निळा रंगच नाही. बाजारात मिळणारे गडद निळे गुलाब पांढऱ्या फुलाचा देठ निळ्या पाण्यात बुडवून केलेले असतात.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन कंपनीने हे निळे जनुक शोधायचे ठरवले आणि ते सापडले पेटुनियात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘मूनडस्ट’ नावाचे जांभळट कार्नेशन विक्रीला आले. त्यात पेटुनियाची दोन जनुके घातली होती. एक तिसरा गट जोडणारे आणि दुसरे तेच चोखंदळ डीएफआर. नारिंगीच्या वाटेत आडवा येणारा नखरा इथे उपयोगी पडला. कार्नेशनचे स्वतःचे डीएफआर नसलेले पांढरे वाण निवडले होते. त्यात नारिंगी-तांबड्याकडे न बघणारे पेटुनियाचे एन्झाइम घातल्यावर पाटाचे सगळे पाणी निळ्या वाफ्यात गेले. पुढे फ्लोरिजीन जपानच्या सनटोरी कंपनीने घेतली. त्यांनी पॅन्सीचे जनुक घालून केलेला ‘अप्लॉज’ हा गुलाब २००९ मध्ये जपानात विक्रीला आला. त्याला निळा म्हटले जाते, पण खरे तर तो फिका जांभळा आहे.

का? कारण रंगद्रव्य असणे म्हणजे रंग असणे नव्हे. अँथोसायनिन पेशीतल्या एका पाणीदार पिशवीत साठते आणि तिथला आम्ल-अल्कलीचा तोल रंग बदलतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याला घरातून ठाऊक आहे. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. फुलातही तेच घडते. निळ्या मॉर्निंग ग्लोरीची कळी तांबूस-जांभळी असते आणि उमलताना पेशीतली पिशवी अल्कलीकडे झुकली की फूल आकाशी होते. गुलाबाच्या पाकळीतला तोल आम्लाकडे असतो, म्हणून निळे रंगद्रव्य भरूनही तो जांभळाच दिसतो. शिवाय आसपासचे रंगहीन रेणू आणि ॲल्युमिनियमसारखे धातूही रंगात ढवळाढवळ करतात. हायड्रेंजियाचे एकच झाड एका मातीत गुलाबी आणि ॲल्युमिनियम मिळणाऱ्या आम्ल मातीत निळे फुलते, ते यामुळेच.

खरा निळा साधला तो शेवंतीत, आणि त्यात आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचा वाटा आहे. जपानच्या राष्ट्रीय कृषी व अन्न संशोधन संस्थेतले नाओनोबू नोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंतीत दोन जनुके घातली. एक घंटेच्या आकाराच्या फुलांच्या कॅम्पॅन्युलाचे, तिसरा गट जोडणारे. दुसरे गोकर्णाचे, रंगद्रव्याला विशिष्ट जागी साखर जोडणारे. या साखरेमुळे रंगद्रव्याचा आकार असा झाला की, शेवंतीच्या पेशीत आधीच असलेले रंगहीन रेणू त्याला येऊन चिकटले आणि फूल निळे दिसू लागले. शास्त्रज्ञांनी अपेक्षिले होते त्यापेक्षा हे सोपे निघाले. २०१७ मध्ये, म्हणजे नारिंगी पेटुनिया जाळल्या जात होत्या त्याच वर्षी, हे संशोधन प्रसिद्ध झाले.

एक प्रयोग फसला म्हणून

जनुक घातले की रंग आला, इतके हे सरळ नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि सहकारी पेटुनियाचा जांभळा रंग आणखी गडद करू पाहत होते. रंगाच्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमच्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी घातली. काही झाडांची फुले गडद होण्याऐवजी पांढरीफटक झाली, काहींवर पांढरे-जांभळे पट्टे आले. जादा जनुकाने स्वतःचे तर नाहीच, उलट झाडाच्या मूळ जनुकाचेही तोंड बंद केले होते. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या गटालाही हाच अनुभव आला.

हे कोडे सुटायला पुढची आठ वर्षे लागली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखवले की, दुपदरी आरएनए पेशीत आला की पेशी त्याच मजकुराचे संदेश शोधून तोडते. याला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल याच शोधाला मिळाले. २०१८ मध्ये या तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान, एका दुर्मीळ आनुवंशिक मज्जाविकारासाठी अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतरचे इन्क्लिसिरान रक्तातले घातक कोलेस्टेरॉल कमी करते. सुरुवातीच्या मात्रांनंतर ते वर्षातून दोनदाच टोचावे लागते. फुलाचा रंग हा वरवरचा, शोभेचा विषय वाटतो. पण रंग डोळ्यांना दिसतो, झाड त्यावाचून मरत नाही, म्हणून जनुकांचे वागणे तपासायला फुलासारखी पाटी दुसरी नाही. हृदयविकाराच्या औषधाचा एक धागा पांढऱ्या पडलेल्या पेटुनियापर्यंत जातो, हे विज्ञानाला पैसा देताना लक्षात ठेवायला हवे.

कोलोनच्या नारिंगी पेटुनियांनीही असाच धडा दिला होता. १९९० मध्ये तिथे सुमारे ३० हजार रोपे उघड्या शेतात लावली गेली. जर्मनीतली ती जनुकबदल झाडांची पहिली शेतचाचणी. उन्हाळा तापला आणि बऱ्याच झाडांची फुले फिकी पडली. जनुक जागेवर होते, पण झाडाने त्यावर रासायनिक खुणा करून त्याला गप्प केले होते. प्रयोगशाळेतला रंग शेतात टिकेलच असे नाही, हे आपल्या पॉलिहाऊसवाल्यांना कोणी सांगायला नको.

घालणे आणि काढणे

आतापर्यंतची उदाहरणे परके जनुक घालण्याची होती. गेल्या दहा वर्षांत दुसरी वाट खुली झाली, जनुक-संपादनाची. क्रिस्परसारख्या तंत्राने झाडाच्या स्वतःच्या जनुकात नेमक्या जागी काप घेता येतो. पेशी तो काप सांधताना चूक करते आणि जनुक निकामी होते. बाहेरचे काही शिल्लक राहत नाही. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये मॉर्निंग ग्लोरीतले डीएफआरचे जनुक असे बंद केले आणि जांभळ्या झाडाला पांढरी फुले आली. ही वेल जपानात आठव्या शतकात आली आणि तिला पांढरी फुले सतराव्या शतकात आली असे मानतात. निसर्गाला आणि माळ्यांना जिथे साडेआठशे वर्षे लागली, तिथे प्रयोगशाळेत एक वर्ष पुरले.

काढल्याने रंग जातो तसा येतोही. पांढरी शेवंती पांढरी का, याचे उत्तर मजेशीर आहे. तिच्या पाकळीतही पिवळे कॅरोटिनॉइड तयार होते, पण एक एन्झाइम ते लगेच तोडून टाकते. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्या एन्झाइमचे जनुक दाबले तेव्हा पांढऱ्या शेवंतीला पिवळी फुले आली. कधी कधी पांढऱ्या शेवंतीच्या एखाद्या फांदीवर आपोआप पिवळे फूल येते आणि माळी ती फांदी जपून तिची रोपे करतो, त्यामागेही बहुधा हेच जनुक हरवलेले असते. मग प्रश्न पडतो की, निसर्गात जनुक हरवले तर तो माळ्याचा भाग्ययोग, आणि तेच जनुक प्रयोगशाळेत हरवले तर तो धोका, असे कसे म्हणायचे?

आपला कायदा काय पाहतो?

भारतात जनुकबदल सजीवांवर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. हे नियम खाण्याचे पीक आणि शोभेचे फूल असा भेद करत नाहीत. परके जनुक घातलेले निळे कार्नेशन इथे लावायचे तर त्यालाही कापसाला किंवा मोहरीला जी चाळणी आहे तीच. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बीटी वांगे २०१० मध्ये थांबले, जनुकबदल मोहरी अजून न्यायालयाच्या पायरीवर आहे. ज्या चाळणीतून अन्नपिके अशी अडखळत जातात, तिथे फुलासाठी कोण हेलपाटे घालणार?

मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने एक भेद केला. ज्या संपादित झाडात परके जनुक शिल्लक नाही, ते या नियमांतल्या कडक तरतुदींमधून वगळले. संस्थेच्या पातळीवरची जैवसुरक्षा समिती परके काही उरले नाही याची खात्री करेल, एवढे पुरे. २०२५ च्या भातवाणांचा रस्ता यातूनच मोकळा झाला. युरोपात २०१८ मध्ये न्यायालयाने संपादित पिकांनाही जनुकबदल पिकांचेच नियम लावले होते. तिथेही २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने नियम सौम्य करण्याचा प्रस्ताव मांडला.

म्हणजे आज आपल्याकडे पांढऱ्या शेवंतीचे जनुक काढून ती पिवळी करायची तर वाट सोपी आहे, आणि गोकर्णाचे जनुक घालून ती निळी करायची तर वाट खडतर आहे. ढोबळमानाने हा भेद समजण्यासारखा आहे. पण नारिंगी पेटुनियाने त्यातली फट दाखवली आहे. ती रोपे नष्ट केली गेली, पण ती घातक आहेत म्हणून नव्हे. माणसाला किंवा पर्यावरणाला त्यांच्यापासून धोका आहे असे अमेरिकेच्या कृषी खात्यानेही म्हटले नव्हते. लोकांनी घरच्या बागेत आधीच लावलेली झाडे उपटायला लावली नव्हती. गुन्हा एवढाच की, परवानगीचा कागद नव्हता. पुढे २०२१ मध्ये रीतसर अर्ज आल्यावर त्याच खात्याने हाच मक्याचा डीएफआर असलेल्या पेटुनियाला नियमांतून मोकळे केले. चार वर्षांपूर्वी जे भट्टीत गेले, ते चार वर्षांनी चालेल असे ठरले. रोप तेच होते. बदलला तो कागद.

यावरून नियम निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. धोका फुलागणिक वेगळा असतो. पेटुनिया युरोपात किंवा अमेरिकेत तण होऊन माजत नाही, म्हणून तिथे चिंता कमी. निळ्या शेवंतीचे तसे नाही. जपानात शेवंतीचे रानटी भाऊबंद आहेत आणि बागेतल्या शेवंतीचे पराग त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून तिथले संशोधक निळी शेवंती वांझ करण्याच्या मागे लागले. रंग साधूनही ती बाजारात धावली नाही. कार्नेशनचे फूल कापून निर्यात करणे आणि रोप जमिनीत लावणे यांतही फरक आहे. तेव्हा ‘जनुक घातले की काढले’ हा एकच प्रश्न पुरेसा नाही. हे झाड इथे पसरेल का, इथल्या कोणत्या रानटी झाडाशी त्याचा संकर होईल, ते खाल्ले जाते का, हे प्रश्न जास्त कामाचे आहेत. शेवटचा प्रश्न फुलांनाही लागू आहे. गुलाबाचा गुलकंद होतो, गोकर्णाचा चहा होतो, आणि देवाला वाहिलेली फुले गाय खाते.

महाराष्ट्रापुढचे तीन मुद्दे

मावळात, तळेगावच्या आसपास, आणि राज्यात इतरत्रही गुलाब आणि जरबेराची पॉलिहाऊस उभी आहेत. त्यांतली पुष्कळ वाणे परदेशी पैदासकारांची आहेत. नवा रंग आला की नवी रोपे घ्यावी लागतात आणि रोपाच्या किमतीत रॉयल्टी असते. म्हणून जनुकांचा हा विषय शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन थांबतो.

पहिला मुद्दा मालकीचा. निळे जनुक ज्या कंपनीने शोधले तिने त्याचे पेटंट घेतले, आणि निळ्या कार्नेशनचा व्यवसाय बराच काळ एकाच घराण्यात राहिला. संपादनाच्या तंत्रावरही पेटंटांचे जाळे आहे. आपल्याकडे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला आणि त्यात पैदासकाराबरोबर शेतकऱ्याचाही हक्क मान्य केला आहे. पुण्यात केंद्र सरकारचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध ही आपल्या हार-तोरणांची फुले. त्यांचे रंग, टिकाऊपणा आणि सुगंध सुधारण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी हातात घेतले तर नव्या रंगाची किंमत शेतकऱ्याला झेपेल. ते खासगी कंपन्यांवर सोपवले तर दर हंगामाला रॉयल्टीचा हप्ता ठरलेला.

दुसरा मुद्दा माग ठेवण्याचा. पेटुनियाच्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ते अनेक देशांत वर्षानुवर्षे विकले गेले आणि कोणाच्याही लक्षात आले नाही. लक्षात आले ते एका माणसाच्या नजरेमुळे. कडक नियम असलेल्या युरोपची ही गत, तर आपली काय असेल? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला एचटीबीटी कापूस आपल्या शेतांत कधीच पोहोचला आहे. जून २०१९ मध्ये तर अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिले. तिथे निदान काय पेरतो हे शेतकऱ्याला माहीत होते. फुलांच्या रोपवाटिकेत तेही नसते. छाट कलमे हातोहात फिरतात आणि वाणाचे नावही वाटेत बदलते. संपादित झाडात परके जनुक उरतच नसल्याने ते चाचणीत पकडणे तर जवळपास अशक्य. म्हणून ते प्रयोगशाळेत पकडण्यापेक्षा नोंदीत ठेवणे हाच उपाय. कोणत्या वाणात कोणते जनुक बदलले याची सर्वांना पाहता येईल अशी यादी असावी आणि रोपवाटिकेच्या पावतीवर वाणाचे खरे नाव असावे. यासाठी मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

तिसरा मुद्दा शेतकऱ्याच्या जोखमीचा. २०१७ मध्ये ज्यांची रोपे जाळली गेली, त्यांतल्या बहुतेकांनी ती प्रामाणिकपणे विकत घेतली होती. चूक वर कुठेतरी झाली, नुकसान खाली पोहोचले. आपल्याकडे असे झाले तर पॉलिहाऊसचे कर्ज फेडणाऱ्याला भरपाई कोण देणार? रोपे पुरवणाऱ्याने वाणाच्या जनुकीय इतिहासाची लेखी हमी द्यावी आणि ती खोटी निघाली तर भरपाई त्याने द्यावी, एवढी तरतूद आत्ताच, प्रकरण घडण्याआधी, करून ठेवता येईल.

फुलांचा रंग माणसाने बदलण्यात नवे काही नाही. गुलाब, शेवंती, डेलिया यांचे आजचे रंग शेकडो वर्षांच्या संकरातून आणि माळ्यांच्या निवडीतून आले आहेत. बदलला आहे तो वेग, आणि बदल करणाऱ्याची ओळख. पूर्वी वेगळ्या रंगाची फांदी माळ्याला बागेत दिसे आणि तो ती शेजाऱ्याला देई. आता ती प्रयोगशाळेत घडते आणि करारासह येते. त्या कराराच्या दुसऱ्या बाजूला आपला शेतकरी आणि आपला ग्राहक बसणार आहे. त्यांनी काय विचारायचे हे त्यांना आधी ठाऊक असले पाहिजे. हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकावर रोज शेकडो लोकांनी ती फुले पाहिली. प्रश्न पडला तो एकालाच, कारण नारिंगी रंग तिथे असू शकत नाही हे त्याला माहीत होते.